गल्लीतून गेलेली सरळ रेषा

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते. आणि हसू येणारच असेल तर हातातला कप खाली ठेवा. मागं आमच्या जाऊबाईंनी हे ऐकता ऐकता नवी साडी चहानं भिजवली आणि वर मलाच बोलल्या. अशी फजिती वैऱ्याचीसुद्धा होऊ नये. पण एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. माझी फजिती झाली, मान्य. मी चुकले, हे मात्र मान्य नाही! तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

तर मी जवळा बाजारच्या अलीकडं एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. त्याच गावची सून आणि त्याच गावची मास्तरीण! देवानं हे दुखणं कुणाला देऊ नये. वर्गात मोठ्यानं बोलायचं आणि गल्लीत निघालं की डोक्यावर पदर घेऊन खाली मान. सरपंच तात्या नात्यानं आमचे चुलत सासरे. त्यांचं काही काम असलं की मी ‘म्याडम’, आणि मला गप्प करायचं असलं की ‘सूनबाई’.

माझ्याकडं चौथीचा वर्ग. पोरं क्षेत्रफळ म्हणायची, ते ऐकायला यायचं होतं तुम्ही! ‘आयताचे क्षेत्रफळ बरोबर लांबी गुणिले रुंदी’ असं एका सुरात, मारुतीच्या आरतीसारखं. टाळ तेवढे नव्हते. एक दिवस मी सहज विचारलं, "बरं, आपली ही खोली किती लांब असंल रे?"

एक म्हणाला, "चार किलोमीटर."

दुसरा त्याच्याकडं रागानं बघून म्हणाला, "येडा हायेस का? पाच लिटर!"

मी कपाळाला हात लावला. पोरं मठ्ठ होती का? अजिबात नाही! त्याच पोराला विचारा, एका पेंढीत किती कडबा, म्हशीला सरकी किती घालायची, झटक्यात बरोबर सांगणार. म्हणजे डोकं शाबूत होतं, त्याला शाळेत कुलूप होतं.

मी हेडमास्तरांकडं गेले. माणूस देवभोळा, पण देवापेक्षा साहेबाला जास्त भिणारा. म्हणाले, "म्याडम, पुस्तकात हाय तेवढं शिकवा. भिंतीच्या भाईर गेलं की जिम्मेदारी येते."

मी म्हणलं, "सर, पोहायला शिकवायचं तर विहिरीत उतरावंच लागतं. फळ्यावर विहीर काढून भागतंय का?"

"बुडालं कुणी तर?" सर म्हणाले.

मी सरळ पोरांना घेऊन बाहेर पडले.

पुस्तकात त्या वेळी नेमकं वाक्य होतं, दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते. पोरांना पाठ होतं, कळलेलं नव्हतं. त्यात तांड्यावरून येणारी एक पोरगी होती, रुक्मी. दोन वेण्या आणि हजार प्रश्न. ती म्हणाली, "बाई, माझा आजा सांगतो, आधी चावडीच्या कोपऱ्यावर हुभं राहिलं की मारुतीचा दिवा दिसायचा. मग आता काहून दिसत न्हाई?"

काय प्रश्न आहे बघा! चावडीचा कोपरा एक बिंदू, मारुतीच्या देवळाचं जोतं दुसरा बिंदू. मधे सरळ गल्ली. मग दिवा का दिसत नाही? मी म्हणलं, "चला, आपणच बघू. पुस्तक मिटा."

घरी बांधकामाच्या वेळी गवंडी टेप विसरून गेला होता, तो घेतला. सुतळीचा गुंडा घेतला. खेळाच्या मैदानावर आखायची फक्की उरली होती, तीही उचलली. सुतळी निम्म्यातच संपली, तर पोरांनी काठ्या रोवल्या, एक डोळा मिटून नेम धरला आणि फक्की टाकत निघाली. ती गल्ली काय वर्णावी! दर दिवाळीला प्रत्येकाचा ओटा वीतभर पुढं सरकलेला. कुणाची दावण रस्त्यात, कुणाचं न्हाणीघर रस्त्यात.

"बाई, रेषा कौसाकाकूच्या ओट्यावर चढली!"

"चढू दे."

"बाई, शेळीच्या मधून चालली!"

"शेळी सरकव. रेषा कुणाला भीत नसती."

इतकी खूश होती पोरं! चार किलोमीटरवाला पोरगा सुद्धा टेप धरून फूट-इंच ओरडत होता. गल्लीच्या मध्यावर फक्की संपली, शाळेची घंटाही झाली. राहिलेली रेषा उद्या ओढू म्हणून आम्ही परतलो.

इथपर्यंत काय बिघडलं होतं? काही नाही! पण आता आमच्या लोकांचं एक सांगते. शिरगणती कोण करतं? मास्तर. मतदार यादी? मास्तर. पोलिओचे डोस, गावातली ढोरं मोजायची, सगळं मास्तरच. त्यामुळं मास्तर फळ्यापुढं उभा असला तर त्याला कुणी विचारत नाही, पण तोच टेप घेऊन दारात आला की समजायचं, सरकार दारात आलं! आणि तेव्हा हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झालेला. नवा जिल्हा, नवे साहेब, रोज एक नवी आवई. लोकांना काय समजायचं ते समजलं.

कौसाकाकूनं तिथंच विचारलं होतं, "म्याडम, काहून मोजून राहिले?"

"शिकवून राहिले, काकू."

"व्हय व्हय," काकू म्हणाली आणि अशी हसली, जसं काही मी खोटंच बोलत होते.

दिवेलागणीला काकू तुपाचा गडू घेऊन माझ्या दारात. "म्याडम, तोंडानं सांगायची मनाई असंल तर सांगू नका. निस्ती मान हलवा. पाडणार हायेत ना?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही! काकू माझ्याकडं बघत राहिली, मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बिचारीवर किती दाब हाय वरून!" आणि गडू ठेवून गेली. मी मागं पळाले गडू परत द्यायला. तो तिनं घेतला नाही. उलट गल्लीनं बघितलं की म्याडम तुपाचा गडू घेऊन पळून राहिल्या. झालं की!

गिरणीवर बातमी गेली तेव्हा कलेक्टर येणार होता. पारावर पोचली तेव्हा हिंगोलीहून बुलडोझर निघाला होता. हाटेलात कुणीतरी तो औंढ्याच्या चढावर बघूनही आला! आमचे हे शेतातून आले ते बैल बांधायच्या आधी विचारतात, "काय गं, साहेबाचा मुक्काम आपल्याकडंच हाय का? कोंबडं कापावं लागंल का?"

म्हणलं, "तुमी तरी!"

सकाळी उठते तर गल्लीत धाडधाड, धाडधाड. सगळं गाव आपापल्या हातानं आपापले ओटे पाडत होतं! स्वतःहून पाडलं तर ठीक, नाहीतर बुलडोझरचं डिझेल घरमालकाकडून घेणार, अशी पुडी कुणीतरी सोडून दिलेली. सरपंच तात्यांनी तर सगळ्यात आधी पाडला. सरपंचानं दाखवून द्यावं म्हणून. तोच ओटा, ज्याच्यावर बसून ते रोज संध्याकाळी गावाचा न्याय करायचे.

मी गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडले, "अहो थांबा! पाडू नका! तो पोरांचा धडा होता!"

"व्हय म्याडम," फावडं मारता मारता एकजण म्हणाला, "धडाच शिकवायला निघालं हाय सरकार."

शाळेत आले तर हेडमास्तर दाराआड. हळूच म्हणाले, "म्याडम, तुमी मला आदेश दाखवला न्हाई. बराबर न्हाई हे. शाळेच्या पायऱ्या बसतात का त्याच्यात?"

"सर, आदेशबिदेश काही नाही! चौथीचं गणित आहे ते!"

सरांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या. गोपनीय असतंय."

सांगा बरं, माणसानं करायचं काय? खरं बोलले तर कुणी ऐकेना. खोटं मला बोलता येत नाही.

तिसऱ्या प्रहरी तात्यांनी जवळा बाजारला जाऊन हिंगोलीला फोन लावला. तिकडून उत्तर मिळालं, कसला रस्ता, कसला बुलडोझर, आम्हाला अजून बसायला खुर्च्या नाहीत. तात्या परत आले ते लालबुंद होऊन. दवंडी झाली, मारुतीपुढं सभा भरली. आख्खं गाव. माझी पोरंही पारावर रांगेनं बसलेली.

तात्यांनी घसा खाकरला. "सूनबाई."

सूनबाई म्हणाले, तेव्हाच ओळखलं मी.

"सूनबाई, गावाला येड्यात काढलं तुमी. आता समद्यांपुढं माफी मागा. आन उद्यापासून पोरं भिंतीच्या आत. पुस्तक, फळा, बास. हे भाईर हुंदडणं बंद."

हेडमास्तरांनी इतक्या जोरात मान डोलावली की टोपी पडली. आणि रुक्मीचा चेहरा! ती हळूच म्हणाली, "बाई, आता परत पाठच करायचं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, मी माफी मागितलीही असती. ओटे पडले, लोकांना तकलीफ झाली, वाईट मलाही वाटलं होतं. पण पोरांना परत कोंडायचं? पुन्हा खोली पाच लिटर? मरून जाईन पण नाही! उठले. उठताना डोक्यावरचा पदर पडला. पडू दे म्हणलं.

"तात्या, एकाच गोष्टीचं उत्तर द्या. पाडा असं मी म्हणले होते का?"

"न्हाई."

"पोरांनी ओढलेली रेषा खोटी हाय का?"

तात्यांनी नजर चावडीकडं वळवली. चावडीवरून दिवा दिसायचा हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

"खोटी असंल तर परत मोजा! चावडीपासून मारुतीपर्यंत, आख्खी, समद्यांपुढं! रेषा खोटी निघाली तर मी नाक घासून माफी मागते, आन उद्यापासून पोरांना निस्तं घोकायला लावते. पर खरी निघाली, तर माझी शाळा भाईर भरंल! आन रेषेपुढं ज्याचं काही राहिलं असंल, त्यानं ते आजच्या आज काढायचं. मग तो कुणी का असंना!"

"कुणी का असंना?" कौसाकाकूनं विचारलं. तिचा ओटा गेला होता, तिचा हक्कच होता.

"कुणी का असंना!" मी छाती ठोकून म्हणलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागं आमचे हे खोकत होते. सारखे खोकत होते, हातवारे करत होते, एकदा तर दोन्ही हात जोडले त्यांनी. मला वाटलं, बायकोचं भाषण ऐकून ऊर भरून आला माणसाचा!

सुतळी अपुरी पडत होती म्हणून बैलांचे कासरे एकाला एक बांधले. एक टोक तात्यांनी स्वतः चावडीच्या कोपऱ्यावर धरलं, दुसरं हेडमास्तरांनी देवळाच्या जोत्याला. ताणली दोरी. कालच्या फक्कीवरून ती अशी बरोबर गेली की सगळ्या माणसांनी ‘हां’ केलं. कौसाकाकूचं दार ओलांडलं, तात्यांचा पडका ओटा ओलांडला, गल्लीचा मध्य ओलांडला. मी कमरेवर हात ठेवून उभी. जिंकलेच होते मी!

आणि दोरी थटली.

कशाला थटली? आता ते सांगायलाच पाहिजे. आमच्या संडासाला.

गावातला पहिला संडास होता तो! गुलाबी रंगाचा, पत्र्याच्या दाराचा. त्याच्यासाठी मी काय नाही केलं? माहेरी जाऊन बसले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "ज्या घरात चूल, त्याच घरात हे असलं? म्या जित्ती हाय तवर न्हाई!" वाड्याच्या आत हातभर जागा द्यायला तयार नाहीत. शेवटी तडजोड झाली, की बांधायचा तर भिंतीच्या बाहेर, गल्लीकडून. बांधला. पुढं वर्षभर मी गावातल्या बायकांना तो दाखवायला आणायची. दार उघडून भाषण द्यायची. पहाटे अंधारात ओढ्याकडं जायचं, विंचूकाट्याचं भ्या, येणाऱ्याजाणाऱ्याचं भ्या, ते काही नको, बघा कसं सुखाचं आहे! आणि खरंच सुखाचं होतं हो. त्या गुलाबी खोलीएवढा जीव मी कशालाच लावला नव्हता.

आणि सगळ्या गावाची गल्ली मोजायला निघालेल्या मला आपलं घर मोजायचं सुचलं नव्हतं!

"बाई," रुक्मी म्हणाली, "दोरी वाकली."

"नीट ताण."

"ताणलेलीच हाय बाई. मधी संडास हाय."

चार किलोमीटरवाल्यानं टेप लावला, वाकून बघितलं आणि खणखणीत आवाजात सगळ्या गावाला सांगितलं, "बाई, समदाच रस्त्यात हाय! दार बी! टाकी बी!"

शाबास रे माझ्या वाघा. एवढं बरोबर मोजायला तुला कुणी शिकवलं? मीच की.

तेवढ्यात हेडमास्तर माझ्याजवळ आले आणि त्या माणसानं मला पहिल्यांदाच इतक्या मायेनं सांगितलं, "म्याडम, मोजताना चूक होऊ शकते. चूक झाली म्हणा, इषय संपवा. म्हणून मी म्हणतो, पुस्तकच बरं."

बघा किती सोपं होतं! चूक झाली म्हणायचं. संडास वाचला असता. आणि पोरं भिंतीच्या आत गेली असती. रुक्मी टेपकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. आपण बरोबर मोजलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता बाई काय म्हणतात, एवढंच तिला बघायचं होतं.

मी आमच्या ह्यांना म्हणलं, "सब्बल आणा."

"अगं पर..."

"आणा म्हणते ना!"

ते पहार आणायला वळले आणि आतून आत्याबाई बाण सुटल्यासारख्या आल्या. संडासाच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या. "खबरदार! माझ्या संडासाला हात लावला तर! आधी मला पाडा!"

मी बघतच राहिले. "तुमचा? आत्याबाई, तुमी तर म्हणत होत्या, तिकडं पाय ठेवणार न्हाई!"

"दिवसा न्हाई ठेवत!" आत्याबाई कडाडल्या.

गाव जे हसलं, जे हसलं! तात्या चावडीवर कासरा टाकून खाली बसले. आत्याबाईंना चौघींनी उचलून बाजूला केलं आणि पहिला घाव मी घातला. दुसराही मीच. डोळ्यातून पाणी येत होतं, पण हात थांबवला नाही. त्या मेल्या गवंड्यानं काम इतकं पक्कं केलं होतं की शेवटी आख्ख्या गावाला हात लावावा लागला. आणि लावलाही, फार हौसेनं लावला! ज्यांचे ओटे गेले होते त्यांचे घाव तर काय बसत होते!

तात्या शब्दाला जागले. माझा वर्ग बाहेर भरला तो भरलाच. त्याच विटांच्या ढिगावर पोरांना भागाकार शिकवला, बाजारात नेऊन तराजू शिकवला, ओढ्यावर नेऊन वाफ आणि पाऊस शिकवला. परत कुणाची छाती झाली नाही पोरांना आत घ्या म्हणायची. मग हरलं कोण? मी? नाव काढू नका!

फक्त दुसऱ्या दिवशीची पहाट तेवढी सांगायची राहिली. हातात टमरेल. आयुष्यात कधी घेतला नव्हता इतका लांब पदर घेतलेला, थेट नाकाच्या खाली. ओढ्याकडच्या पांदणीनं चालले होते, पायातल्या जोडव्यांचासुद्धा आवाज होऊ न देता. ज्या बायांना वर्षभर भाषणं दिली, त्या सगळ्या तिथं ओळीनं. कुजबुज एकदम थांबली.

"कोण? म्याडम व्हय?" अंधारातून कौसाकाकूचा आवाज आला. "या, या! लाजू नका. हितं जागा हाय."

मी काही बोलायच्या आत पलीकडून दुसरा आवाज आला. आत्याबाई! माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या.

"माझ्याजवळ न्हाई! लांब बशीव तिला!"

"किती लांब, आत्या?" काकूनं विचारलं. "बराबर आकडा सांगा. म्याडमजवळ टेप हाय."

आख्खी पांदण खिदळली. कुणाला दोष देणार? गावानं प्रत्येक गोष्ट मोजून बघावी, हा हट्ट माझाच ना? टमरेल खाली ठेवलं आणि काकूनं दाखवली तिथं मुकाट्यानं बसले.